पॉलिहाऊसच्या मातीत तेल आणि पेंड: कशानंतर काय, किती आणि कधी

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला तोच फोन येतो. ढोबळी मिरचीचं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. उपटून पाहिलं तर मुळांना गाठींची माळ. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "निंबोळी तेल दोनदा सोडलं, काही फरक नाही."

तेल दरवेळी भेसळीचं नसतं. बहुतेक वेळा ते उशिरा पडलेलं असतं. सूत्रकृमी म्हणजे मुळांत राहून गाठी पाडणारा, डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा किडा; त्याची मादी मुळाच्या आत एकदा बसली की मरेपर्यंत जागा सोडत नाही, आणि मातीत ओतलेलं तेल तिच्यापर्यंत पोचत नाही. तेलाची गाठ पडते ती अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, मातीच्या ओलाव्यातून मूळ शोधत फिरणाऱ्या पिल्लांशी. त्यामुळे या कामाचा मोठा वाटा लागवडीच्या आधीचा आहे, आणि त्यातही तेलापेक्षा पेंडीचा. लागवडीनंतरची आळवणी, म्हणजे झाडाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतणं, ही राखण. तिच्याकडून इलाजाची अपेक्षा ठेवली की फोन करायची वेळ येते.

खालचा सगळा हिशेब १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस, लाल मातीचे गादीवाफे, ढोबळी मिरची आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातली लागवड धरून आहे. काकडी आणि टोमॅटोलाही क्रम हाच. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. रस्ते वजा केले तर वाफ्यांचं क्षेत्र ६०० चौरस मीटरच्या आसपास उरतं. पेंडीचं माप वाफ्यावर धरायचं, संपूर्ण पॉलिहाऊसवर नाही. इथे चुकलं की पुढचं सगळं दीडपटीच्याही वर जातं.

टप्पा १: आधी रोग ओळखा

झाड मर दाखवतं म्हणून लगेच बाटली उघडू नका. एकसारख्या दिसणाऱ्या मरीमागे चार वेगळी कारणं असू शकतात, आणि त्यातल्या एकाला तर कोणतंही तेल लागू पडत नाही.

मेलेलं झाड नको, सुकायला लागलेलं घ्या. खुरप्याने भोवतीची माती सैल करून मुळासकट उचला आणि बादलीत हळू धुवा. ओढून उपटलं तर गाठी मातीतच राहतात आणि मुळं स्वच्छ आहेत असा भास होतो.

१. मुळावर मण्यांसारख्या गाठी, बोटाने चोळल्या तरी न सुटणाऱ्या: सूत्रकृमी.

२. गाठी नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी रेघ वर चढलेली: फ्युजारियम मर.

३. जमिनीलगत खोड काळपट, ओलसर, सडकं: फायटोफ्थोराची खोडकूज. रोपं लहान असताना बुडाशी पिचून आडवी पडत असतील तर पिथियम.

४. खोडाचा ताजा काप काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगला आणि काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला: जिवाणूजन्य मर.

चौथं निघालं तर हा लेख बाजूला ठेवा. जिवाणूजन्य मरीत तेल, पेंड, आळवणी कशाचाही भरवसा धरता येत नाही. ती झाडं मातीसकट बाहेर काढणं, त्या वाफ्याचं पाणी दुसरीकडे जाऊ न देणं आणि पुढच्या वेळी पीक बदलणं किंवा टोमॅटो असेल तर रोगसहनशील खुंटावरचं कलमी रोप घेणं, एवढाच मार्ग.

बऱ्याच वेळा पहिलं आणि दुसरं एकत्र सापडतं. सूत्रकृमीने पाडलेल्या जखमांतून बुरशी आत शिरते. अशा वेळी नुसतं बुरशीनाशक ओतणारे महिनाभराने पुन्हा तिथेच येतात.

तपासा: पीक निघालेलं असेल आणि पाहायला मुळंच नसतील, तर पाच-सहा वाफ्यांतून १५ ते २० सेंटीमीटर खोलीवरची माती घ्या, एकत्र करा, दोन कुंड्या भरा आणि त्यात भेंडी किंवा टोमॅटो लावा. ३० ते ३५ दिवसांनी मुळं धुऊन पाहा. प्रयोगशाळेचा अहवाल हातात असला तरी मी ही कुंडी लावतोच.

टप्पा २: उलटी मोजणी करा

लागवड १ जुलैला धरा आणि मागे मोजत या.

जूनच्या १० ते १५ तारखेला उपकारक (जैविक) बुरश्या मिसळून समृद्ध केलेली निंबोळी पेंड वाफ्यात मिसळलेली हवी. त्यासाठी पेंडीचा ढीग २५ मेच्या आसपास लावलेला हवा. माती उन्हाने तापवायला अंथरलेलं प्लास्टिक मेअखेर निघायला हवं, म्हणजे ते १५ एप्रिलच्या आसपास अंथरलेलं हवं. आणि त्याआधी जुनं पीक मुळांसकट बाहेर गेलेलं हवं, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा.

इथे बहुतेकांचं गणित मोडतं. एप्रिलमध्ये भाव बरा मिळतोय म्हणून पीक मेच्या मध्यापर्यंत ओढलं जातं, मग माती तापवायला वेळ उरत नाही, आणि मातीत उरलेली अंडी तशीच पुढच्या पिकाला मिळतात. २५ ते ३० अंश तापमानात सूत्रकृमीची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. नऊ-दहा महिन्यांच्या मिरचीत आठ-नऊ पिढ्या सहज होतात, आणि एकेका अंडीपुंजात काहीशे अंडी असतात. शेवटच्या दोन तोड्यांचे पैसे कुठे जातात ते यावरून समजावं.

हिवाळी लागवड असेल तर माती तापवण्याचा टप्पा चालणार नाही. ऊन पुरत नाही. तेव्हा पेंड, जैविक बुरश्या आणि जमलं तर आधी दोन महिने सूत्रकृमीला दाबणारा झेंडू, यावर भागवावं लागतं.

टप्पा ३: माल नीट पारखून घ्या

तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, म्हणून आधी घोळ मिटवू.

निंबोळी अर्क म्हणजे बियांची भुकटी पाण्यात भिजवून काढलेला ५ टक्के अर्क. तो घरी होतो, फवारणीला चांगला, पण मातीत त्याचा जोर फार टिकत नाही. निंबोळी तेल म्हणजे घाण्याचं कच्चं तेल. पाण्यात आपणहून मिसळत नाही, आणि त्यात ॲझाडिरॅक्टिन किती हे घाण्यागणिक बदलतं. तिसरं तयार औषध: ३००, १,५००, १०,००० किंवा ५०,००० पीपीएम असा आकडा छापलेलं, पायसीकारक (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) आधीच घातलेलं. ३०० पीपीएमचं प्रमाण १०,००० पीपीएमच्या बाटलीला लावलं की रोपं करपतात. उलट केलं तर पाण्यात पैसे. आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

निंबोळी पेंड घाण्याची, तेलाचा अंश राहिलेली घ्या. रसायनाने तेल पूर्ण ओढून घेतलेली पेंड स्वस्त पडते, पण आपल्याला पेंडीतलं जे हवं असतं त्यातलं बरंचसं तेलाबरोबर गेलेलं असतं. मूठभर पेंड पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळा: तळाशी वाळूचा थर बसला तर माती मिसळलेली आहे. वास उग्र, लसणीकडे झुकणारा हवा. नुसता भुश्याचा वास आला तर परत करा.

मोहरीच्या पेंडीची परीक्षा वेगळी. मातीतली सूत्रकृमी आणि बुरशी मारणारा तिचा तिखट वायू पाणी लागल्यावर तयार होतो, आणि तो तयार करणारं विकर (एन्झाइम) जास्त उष्णतेत मरतं. म्हणून लाकडी घाण्याची, कमी तापलेली पेंड हवी. चार चमचे पेंड बरणीत घ्या, कोमट पाण्याने ओली करा, झाकण लावा, १५ मिनिटांनी उघडून हाताने वारा घेत हुंगा. नाकात झिणझिण्या आल्या तर कामाची. काहीच झालं नाही तर ती खत म्हणून वापरा, धुरीसाठी नाही. बरणीत थेट नाक घालू नका. डोळ्यांतून पाणी निघतं.

एरंडीची पेंड सूत्रकृमीवर वापरतात, पण मी पॉलिहाऊसमध्ये ती आणत नाही. तिच्यात रायसिन हे विष असतं. पोतं फुटलं आणि कुत्र्याने किंवा वासराने तोंड लावलं तर जीव जातो. वापरायचीच असेल तर तोंडाला फडकं, हातमोजे, आणि पोती कुलपात.

लवंग, गवती चहा, ओवा, दालचिनी यांच्या सुगंधी तेलांबद्दल हल्ली बरंच विचारलं जातं. काचेच्या ताटलीत ती बुरशीही मारतात आणि सूत्रकृमीही. मातीत मात्र ती पटकन उडून जातात, ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशीही मारतात, आणि मात्रा जरा वाढली की कोवळं मूळ भाजतं. एवढी महाग वस्तू १० गुंठ्यांत ओतावी असं मला अजून वाटलेलं नाही.

टप्पा ४: जुनं पीक काढणं आणि मातीची तयारी

१. झाडं आधी जमिनीलगत कापून बाहेर न्या. मग मुळं खुरप्याने किंवा फावड्याने खणून काढा. वाफ्यात झटकू नका; गाठी तिथेच गळतात. मुळं पोत्यात भरून बाहेर नेऊन वाळवा आणि जाळा. शेणखताच्या खड्ड्यात टाकली तर पुढच्या वर्षी तीच खतातून परत येतील.

२. ठिबकच्या लॅटरल (वाफ्यावरच्या बारीक नळ्या) गुंडाळून बाजूला घ्या, धुवा.

३. वाफे १५ ते २० सेंटीमीटर खोल खणून भुसभुशीत करा. ढेकळं फोडा. ढेकळाच्या पोटात उष्णता शिरत नाही आणि वायूही शिरत नाही.

४. मातीत हलका ओलावा ठेवा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकीने फुटावा.

फॉर्मलिन किंवा सिल्व्हर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायची सवय असेल तर ते या आधीच्या दिवसांत उरकून घ्या. पुढे जैविक बुरश्या येणार आहेत. त्यांच्यानंतर निर्जंतुकीकरण करणं म्हणजे पेरून झाल्यावर नांगरणं.

टप्पा ५: मोहरीची पेंड आणि प्लास्टिक

हा टप्पा क्रमावर उभा आहे. पेंडीतला तिखट वायू पाणी लागल्यापासून पहिल्या काही तासांत जोरात सुटतो. पाणी आधी आणि प्लास्टिक दुसऱ्या दिवशी, असं केलं की वायू छपरातून निघून गेलेला असतो आणि आपण रिकाम्या मातीवर प्लास्टिक अंथरत असतो.

१. मोहरीची पेंड बारीक भरडून घ्या. चौरस मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे ६०० चौरस मीटरला १२० किलो.

२. वाफ्यावर सारखी पसरा आणि वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये मिसळा. एक वाफा पुरता करून मगच दुसऱ्याला हात घाला.

३. लगेच लॅटरल अंथरा.

४. २५ ते ५० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून अंथरा. काळं मल्चिंग पेपर नको. तो स्वतः तापतो, माती तेवढी तापवत नाही. कडा १५ सेंटीमीटर मातीत गाडा. भोकं असतील तर चिकटपट्टी लावा.

५. हे सगळं झाल्यावर ठिबक चालू करा. माती ३० सेंटीमीटरपर्यंत ओली होऊ द्या, चिखल नको.

६. पॉलिहाऊसचे पडदे खाली सोडा. पहिले तीन-चार दिवस आत जाऊ नका. जावंच लागलं तर आधी पडदे उघडून अर्धा तास वारा खेळू द्या.

७. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. मधे ओलावा कमी झाला तर थोडं पाणी द्या, प्लास्टिक न उचलता.

तपासा: दुपारी दोनच्या सुमाराला मातीचा तापमापक १० सेंटीमीटर खोल खुपसा. ४५ अंशांच्या पुढे आकडा हवा. चाळिशीच्या आत राहिला तर कडा उघड्या आहेत किंवा पडदे वर आहेत.

वाफ्यांच्या टोकांना आणि खांबांच्या बुडाशी माती नेहमी कमी तापते. मर पुन्हा सुरू होते ती तिथूनच. या जागांचा नकाशा वहीत काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टप्पा ६: प्लास्टिक काढणं आणि बियांची परीक्षा

प्लास्टिक काढल्यावर वाफे वरवर ५ ते ७ सेंटीमीटर कुदळून मोकळे करा. खोल खणू नका. तापलेली, निवळलेली माती वरच्या थरात आहे; खालची जशीच्या तशी आहे. ट्रॅक्टर घालून तिला वर आणणारे मी पाहिले आहेत, आणि दीड महिन्याचं ऊन एका तासात वाया गेलेलंही.

दहा-बारा दिवस वारा लागू द्या. मग दोन बरण्या घ्या. एकीत वाफ्यातली १५ सेंटीमीटर खोलीची माती, दुसरीत बाहेरची साधी माती. दोन्हींवर ओला कापूस ठेवा, त्यावर मुळ्याचं किंवा मेथीचं बी टाका, झाकण घट्ट लावा. तीन-चार दिवसांत दोन्हींकडे सारखं उगवलं तर माती मोकळी झाली. वाफ्याच्या बरणीत कोंब आखूड किंवा टोकाला तपकिरी दिसले तर आणखी आठवडा थांबा. रोपवाटिकेत रोपं तयार आहेत ही घाई करण्याची सबब होऊ शकत नाही.

टप्पा ७: निंबोळी पेंड समृद्ध करणं

हे काम प्लास्टिक असतानाच, शेवटच्या आठवड्यात सुरू करा. तापवलेल्या मातीत चांगल्या-वाईट दोन्ही बुरश्या कमी झालेल्या असतात. रिकामी जागा कोण आधी धरतं यावर पुढचं पीक ठरतं. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने शेणखत आणि निंबोळी पेंड जैविक बुरश्यांनी समृद्ध करण्याची पद्धत बरीच पसरवली आहे. खालचं माप त्याच वळणाचं आहे.

१० गुंठ्यांसाठी:

निंबोळी पेंड १२० किलो
पूर्ण कुजलेलं शेणखत ५०० किलो
ट्रायकोडर्मा २ किलो
पॅसिलोमायसिस (सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढणारी बुरशी) २ किलो

१. सावलीत, पाऊस न लागणाऱ्या जागी शेणखत आणि पेंड मिसळा. शेणखत कच्चं असेल तर त्यातून हुमणीची अंडी येतील, म्हणून चाळून पाहा.

२. दोन्ही बुरश्या थोड्या पाण्यात कालवून थराथराने शिंपडा.

३. ओलावा एवढा हवा की मुठीत लाडू वळेल, पण बोटांतून पाणी गळणार नाही.

४. गोणपाटाने झाका. दर चार-पाच दिवसांनी वरखाली करा.

५. पंधरा दिवस ठेवा.

सावध: ढिगात हात घालून पाहा. हात ठेववत नसेल इतका गरम झाला तर लगेच पसरवा. जास्त तापलेल्या ढिगात आपण घातलेल्या बुरश्याच मरतात, आणि वरून काहीच कळत नाही. अमोनियाचा वास नाकात भरत असेल तर पेंड जास्त पडली आहे, शेणखत वाढवा.

ढीग तयार झाला की वाफ्यात वरच्या १० ते १५ सेंटीमीटरमध्ये मिसळा, पाणी द्या, आणि लागवडीपर्यंत किमान १५ दिवस जाऊ द्या. पेंड ताजी असताना रोप लावलं तर कुजण्याच्या उष्णतेने आणि अमोनियाने मुळाचं टोक जळतं, आणि लोक त्यालाही मर रोग समजतात.

मोहरीची आणि निंबोळीची पेंड मिळून मातीत बराच नत्र जातो. पायाभूत डोसातला नत्र त्या मानाने कमी करा. तो तसाच दिला तर झाड नुसतं पानांत जातं, फुलं गळतात आणि मावा येतो.

टप्पा ८: रोप आणि लागवडीचा दिवस

एवढी तयारी केलेल्या मातीत रोपवाटिकेतून सूत्रकृमी आणली तर काय उपयोग? ट्रे उतरवून घेताना दर ट्रेमधून दोन रोपं ओढून मुळं पाहा: पांढरी, टोकं शाबूत, एकही गाठ नाही. कोकोपीटवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर ती सायरिड माशी. तिच्या अळ्या मुळं कुरतडतात आणि पिथियम एका रोपाकडून दुसऱ्याकडे नेतात. असा ट्रे आत घेऊ नका.

लागवडीच्या दिवशी तेलाची आळवणी करू नका. रोप हलवताना मुळं दुखावलेली असतात.

दाराशी चुन्याची किंवा ब्लीचिंग पावडरची पायपुसणी ठेवा. खुरपी, फावडी पॉलिहाऊसची वेगळी. शेजाऱ्याला उसनं दिलेलं फावडं मातीसकट परत येतं.

टप्पा ९: आळवणी

लागवडीनंतर आठ-दहा दिवसांनी एक रोप हळूच उकरून पाहा. नवी पांढरी मुळं दिसली की पहिली आळवणी. पुढच्या १५ ते २० दिवसांच्या अंतराने आणखी तीन. पिल्लं अंड्यातून टप्प्याटप्प्याने निघतात, म्हणून एकदाच जास्त देण्यापेक्षा थोडं आणि पुन्हा पुन्हा.

आधी पाणी पाहा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पायसीकारक फाटतो आणि तेल वर तरंगतं. सामू (पीएच) ८ च्या पुढे असेल तर ॲझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. सामूच्या पट्टीने मोजा आणि लिंबूसत्त्व थोडं थोडं घालत ६ ते ६.५ वर आणा. शेततळ्याचं किंवा छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम.

१५ लिटरच्या पंपाचं माप:

तयार औषध, १०,००० पीपीएम: लिटरला २ मिली, पंपाला ३० मिली. लेबलवर वेगळं असेल तर लेबल खरं.
कच्चं निंबोळी तेल: लिटरला ३ मिली, पंपाला ४५ मिली, त्याबरोबर पायसीकारक. यापुढे जाऊ नका.

कच्च्या तेलाची रीत:

१. कोमट पाणी १ लिटर घ्या. थंडीत तेल गोठतं. बाटली कोमट पाण्यात उभी करून पातळ करा, चुलीवर ठेवू नका.

२. पाण्यात आधी पायसीकारक किंवा रिठ्याचं दाट पाणी घालून ढवळा.

३. तेल बारीक धारेने सोडत ढवळत राहा. दुधासारखं पांढरं व्हायला हवं.

४. मग ते उरलेल्या पाण्यात ओता. त्याच दिवशी वापरून संपवा.

तपासा: थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवा. वर तेलाची कडी किंवा दह्यासारखे कण दिसले तर ते मुळांना घालू नका. असं मिश्रण पंपातून निघताना पहिल्या झाडांना नुसतं पाणी मिळतं आणि शेवटच्या झाडांना निव्वळ तेल.

माझ्या पहिल्या वर्षी घरात पायसीकारक नव्हता म्हणून मी धुण्याची पावडर घातली. फेस छान आला. चौथ्या दिवशी दोन वाफ्यांची खालची पानं पिवळी आणि मुळांची टोकं तपकिरी. पावडरचा क्षार एकीकडे मुळं भाजत होता आणि दुसरीकडे तेलातलं औषध मारत होता, हे मला नंतर कळलं. दीडशे रोपं बदलावी लागली.

आता आळवणीचा क्रम:

१. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आधी ठिबकने हलकं पाणी देऊन माती वाफशावर (ओलसर पण मोकळी) आणा. कोरड्या मातीत तेल वरच्या थरातच अडकतं, चिखलात ते मुळापाशी थांबत नाही.

२. दहा झाडांवर करून ७२ तास थांबा. पहिल्या आळवणीच्या आधी हे एकदाच, पण चुकवू नका.

३. पंपाचं नोझल काढा आणि झाडाच्या बुडापासून चार बोटं अंतरावर गोल ओता. १०० मिली एका झाडाला. १५ लिटरच्या पंपात १५० झाडं. १० गुंठ्यांतल्या २,८०० झाडांना १९ पंप लागतात.

४. खोडावर आणि पानांवर उडू देऊ नका.

५. शेवटी ठिबक पाच मिनिटं, बस्स. जास्त पाणी दिलं तर तेल मुळांखाली निघून जातं.

ठिबकमधून सोडायचं असेल तर फक्त तयार औषध सोडा, कच्चं तेल कधीच नाही. ड्रिपर एकदा तेलाने चिकटले की त्यावर धूळ बसते आणि आम्लानेही ते नीट सुटत नाहीत. फिल्टर धुवा, आधी साधं पाणी, मग औषध, मग पुन्हा साधं पाणी, आणि शेवटच्या लॅटरलचं टोक उघडून पांढरं पाणी संपलं का ते पाहा.

तेलाच्या आळवणीत ट्रायकोडर्मा किंवा पॅसिलोमायसिस मिसळू नका. दोन्हींत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. गंधक आणि तेल एकाच पंधरवड्यात नको.

या आळवणीचा आणखी एक फायदा फुलकिड्यांवर होतो. ते पानांवर दिसतात, पण कोषावस्थेत मातीच्या वरच्या थरात उतरतात आणि तेव्हा तेलाच्या तावडीत सापडतात. सायरिडच्या अळ्यांचंही तसंच. अळ्या आहेत का हे पाहायला बटाट्याची बोटभर जाड चकती मातीवर ठेवा. दोन दिवसांनी उलटून पाहा, काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या खाली जमलेल्या असतील.

टप्पा १०: पहारा

प्रत्येक वाफ्याच्या टोकाला, नकाशात खूण केलेल्या जागी, लागवडीबरोबरच भेंडीचे चार दाणे टोचा. भेंडीला सूत्रकृमी फार लवकर लागते. ३० दिवसांच्या आत ती उपटून पाहा. मुळं स्वच्छ असतील तर आळवणीचं वेळापत्रक तसंच चालू द्या. गाठी असतील तर त्या वाफ्याला काठी रोवून खूण करा, तिथलं काम सगळ्यात शेवटी करा, अवजारं तिथेच धुवा. महिना उलटू देऊ नका, नाहीतर पहारेकरीच पिल्लं वाढवायला लागतो.

गाठी आलेल्या झाडाची मुळं तेलाने बरी होणार नाहीत. आळवणी चालू ठेवायची ती नव्या मुळांसाठी. टोमॅटो असेल तर बुडाशी समृद्ध खताची भर द्या, वर नवी मुळं फुटतात. ढोबळी मिरचीत एवढा फायदा मिळत नाही. अशा झाडाला दुपारचा ताण बसू देऊ नका, पाणी थोडं थोडं आणि जास्त वेळा.

एका वाफ्याचे दोन मीटर बिनतेलाचे ठेवा. पेंड द्या, आळवणी नको. शेजारच्या दोन मीटरांशी तुलना केल्याशिवाय तेलाने काय केलं आणि उन्हाने काय केलं हे कोणालाच सांगता येत नाही, औषध विकणाऱ्यालाही नाही.

पीक काढायच्या दिवशी दर वाफ्यातून पाच मुळं धुऊन गाठींचा अंदाज शून्य ते पाच असा लिहा: शून्य म्हणजे स्वच्छ, पाच म्हणजे सगळं मूळ गाठींनी भरलेलं. तो आकडा टप्पा ५ मध्ये काढलेल्या नकाशावर चढवा. तीनच्या वर आलेल्या वाफ्यांत पुढच्या एप्रिलमध्ये प्लास्टिक आधी अंथरा आणि शेवटी काढा.